मागचा बाक

मी वडवणीला शाळेत बाई आहे. फळ्यावर सुविचार लिहिताना खडूची भुकटी नाकात गेली, की मला माझा आठवीचा वर्ग आठवतो.

त्या सकाळी परिपाठात ‘सगळ्यांना आपलं माना’ हा सुविचार मीच मोठ्यानं वाचला होता. थोड्या वेळानं दारात सुमन उभी राहिली. माझी मैत्रीण, आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेली, पाच महिन्यांनी परत आलेली. हातांना चिरा, केसांना चुलीच्या धुराचा वास. तिच्या जागेवर, माझ्या शेजारी, आता दुसरीच बसली होती. मी सरकले नाही.

“ऱ्हाऊ दे गं, मला मागं लई हवा लागती,” ती हसून म्हणाली.

दिवाळीनंतर ती पुन्हा तोडीला गेली, ती आलीच नाही.

मागं खिडकीच नव्हती. तिनं माझी लाज राखली होती. तसं पुन्हा कुणी केलं नाही माझ्यासाठी.