औषधांच्या पिशवीतल्या दोन जास्तीच्या गोळ्या

मागच्या सोमवारी यवतमाळला डॉक्टरांच्या टेबलावर माझी अशी फजिती झाली की सांगता सोय नाही... पण सांगतोच. एकसष्टाव्या वर्षी लाजून कोणाचं भलं होणार आहे?

दोन वर्षांपूर्वी मला हार्टचा त्रास झाला. तेव्हापासून रोजच्या गोळ्या, आणि छातीत दुखलं तर जिभेखाली ठेवायची एक वेगळी. तपासणीला जाताना आमची ही, म्हणजे बायको, सगळी औषधं एका पिशवीत घालून नेते.

इकडे वर्षभरापासून नवराबायकोच्या बाबतीत माझं काही जमत नव्हतं. हिला बोललो नाही, डॉक्टरांना तर मुळीच नाही... बोललो फक्त शब्बीरभाईंजवळ, नोकरीपासूनचे दोस्त. त्यांनी आपल्या पाकिटातल्या, याच त्रासावरच्या दोन गोळ्या कापून हातावर ठेवल्या.

मी त्या औषधांच्या पिशवीतच लपवल्या. एवढ्या गोळ्यांत कोण ओळखणार! रविवारी घेणार होतो, पण हिंमत झाली नाही.

सोमवारी हिने पिशवी टेबलावर उलटी केली. डॉक्टरांनी नेमक्या त्याच दोन उचलल्या आणि विचारलं, या कोणी दिल्या? मी पंख्याकडे बघायला लागलो.

घेतली का, एवढंच त्यांनी परत विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांच्या जिवात जीव आला. संबंधांसाठीची ही गोळी आणि ती जिभेखालची, दोन्ही शरीरात गेल्या तर बीपी एकदम कोसळतं, माणूस जातोसुद्धा, म्हणाले. शब्बीरभाईंना ती त्यांच्या डॉक्टरांनी तपासून लिहून दिली होती, मला नाही.

मी हादरलोच. तीस वर्षं वायरमन होतो, लाइन बंद केल्याचं परमिट मिळाल्याशिवाय कधी खांबावर चढलो नाही... आणि इथे दोस्ताच्या भरवशावर चालू तारेला हात घालणार होतो.

पण खरी भीती बाजूच्या खुर्चीची होती. ही पदर सावरून शांतपणे म्हणाली, "हे गोळी नाई चालत त जाऊ द्या, साहेब. पन यायले चालन असा दुसरा इलाज सांगा. प्रश्न आमचा दोघायचा हाये."

डॉक्टर हसले. दुसरे उपाय आहेत म्हणाले, तपासण्या लिहिल्या आणि या विषयातल्या डॉक्टरांच्या नावाने चिठ्ठी दिली. त्या दोन गोळ्या मात्र त्यांनी ठेवून घेतल्या.

मित्रांनो, दुसऱ्याच्या पाकिटातली गोळी घेऊ नका, आणि डॉक्टरांपासून काही लपवू नका... बस, एवढंच.

वर्षभर मी 'माझा प्रॉब्लेम' म्हणून एकटाच कुढत बसलो होतो. हिने एका वाक्यात तो आमचा करून टाकला. गुरुवारी चिठ्ठी घेऊन जातोय... दोघंही.