एकात दोन

नत्थूजी परात्यांचं सारं आयुष्य अर्ध्या कपावर गेलं. महाल भागातल्या भैय्याजीच्या टपरीवर ते आणि त्यांचा दोस्त देवाजी चाळीस वर्षं 'एकात दोन' मागत आले, म्हणजे एका चहाचे दोन अर्धे कप. नत्थूजी मागावर लुगडी विणायचे, देवाजी शेजारच्या गल्लीत सायकली दुरुस्त करायचा. देवाजी आपला अर्धा चहा बशीत ओतून फुंकर मारत इतका वेळ लावायचा, की तेवढ्यात कुणाचं बारसं उरकावं. दोघं फारसं बोलायचेही नाहीत. त्या न बोलण्याची नत्थूजींना आजही फार आठवण येते.

माग बंद पडला. गेल्या दिवाळीत देवाजीही गेला, छाती धरून बसला तो उठलाच नाही. मग नत्थूजींची छाती धडधडू लागली. हात थरथरत, घाम फुटे, श्वास पुरेना. "आपलाबी नंबर लागला वं," ते बायकोला, मैनाबाईला म्हणाले आणि कपाटाच्या किल्ल्या तिच्या हाती ठेवल्या.

"नंबर गेला चुलीत. पहिले दवाखान्यात चाला," मैनाबाई म्हणाली.

डॉक्टर अबोलीनं सगळ्या तपासण्या केल्या. हृदय ठणठणीत निघालं. "चहा किती घेता, काका?"

"अर्धा अर्धा कप," नत्थूजी अभिमानानं म्हणाले.

"काहून खोटं बोलून राहिले?" मैनाबाईनं तिथंच पकडलं. "रिकामे झाल्यापासून रोज दहादा टपरीवर जातात. अजूनबी एकात दोनच मागतात, अन् दोन्ही कप एकटेच पेतात."



"मनात भीती आहे, त्यात इतका चहा," डॉक्टर हळू आवाजात म्हणाली. "चहातल्या कॅफिननं काहींची धडधड, थरथर वाढते. सगळा दोष चहाचाच असं नाही म्हणत मी. पण कमी करून बघू."

दुसऱ्या दिवशी सकाळी भैय्याजीनं सवयीनं दोन कप मांडले. नत्थूजींनी त्यातला एक पालथा घातला.

"अर्धाच दे गा आता. एकट्याचा."

शब्द तोंडून गेले आणि त्यांना रडू कोसळलं. देवाजीला पोचवून येतानाही त्यांच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. भैय्याजीनं अर्धा कप पुढे सरकवला.

नत्थूजींनी तो बशीत ओतला आणि फुंकर मारत बसले. पुष्कळ वेळ लावला.