सुकाणूच्या दोन दोऱ्या

लग्नाला एकतीस वर्षं झाली, आणि या एकतीस वर्षांत सासुरवाडीत मी एक तांब्यासुद्धा उचललेला नाही. उचलू दिला नाही, असं म्हणायला हवं. अंगणात पाऊल टाकलं की पायांवर पाणी, खांद्यावर टॉवेल, खाटेवर धुतलेली चादर. खळ्यात भाताची झोडणी चालू असो, घरची सगळी माणसं घामानं निथळत असोत, मी आपला खाटेवर बसून दुसरा चहा पितोय. एकदा पोत्याला हात घातला तर सासऱ्यांनी तो हळूच बाजूला केला. म्हणाले, "ऱ्हाऊ द्या जावईबापू, कापडं खराब व्हतील." आणि त्याच दमात मेव्हण्याला, "तुज्या हाताला काय मेंदी लावलीया का रं?" मेव्हणा पन्नाशीचा आहे, त्याला रोज अशा चार तरी बसतात. मला त्याचा हेवा वाटायचा, अगदी मनापासून.

जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात. पण ग्रहाची शांत करतात, त्याच्याशी गप्पा कोण मारतं? सासरे, म्हणजे घरातल्या सगळ्यांचे दादा, आणि मी पाऊसपाणी सोडून कधी काही बोललो नव्हतो. मी भोरच्या एका कचेरीतला कारकून. पेनापेक्षा जड काही माझ्या हातून उचललं गेलेलं नाही, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्यांना ते ठाऊक आहे हे मला ठाऊक होतं. त्या घरात एकदा तरी कुणी मला आपला माणूस समजून काम सांगावं, एवढीच माझी इच्छा होती. बायकोला हे सांगितलं तर ती म्हणाली, "लोकांना मान मिळत नाही म्हणून वाईट वाटतं, तुमचं उलटंच."

निवृत्त झालो आणि शिडाची होडी घेतली. बायकोचं माहेर भाटघरच्या पाण्याच्या पलीकडच्या काठावर आहे. रस्त्यानं वळसा घालून, एसटीची वाट बघून जायचं तर अर्धा दिवस मोडतो; अलीकडच्या काठावर उभं राहिलं तर मात्र समोर ते घर दिसतं, अंगणात वाळत घातलेली लुगडीसुद्धा मोजता येतात. होडी जुनी, फायबरची, जेमतेम तिघांची. पुण्याच्या एका गृहस्थांनी हौस फिटल्यावर विकायला काढली होती. टेम्पोतून ती भोरच्या बाजारपेठेतून आली तेव्हा ओळखीच्या एका दुकानदारानं विचारलं, "साहेब, होडी आणली, समुद्र कधी आणताय?" परवानगीचा अर्ज मात्र मी असा लिहिला की तो नाकारायला कुणाला जागाच राहिली नाही. तेवढं एक काम मला येतं.

वाऱ्यावर होडी हाकणं मी महिनाभरात शिकलो. अडचण काठाची होती. होडीच्या मागे सुकाणू असतं, आणि त्याचं लाकडी पातं पाण्यात चांगलं मांडीभर खोल जातं. भाटघरचं पाणी दिवाळीनंतर उतरत जातं, तसा काठ उथळ होतो. पाण्याखाली जुन्या शेतांचे बांध तसेच आहेत. पातं चिखलात रुतलं की होडी तिथंच उभी. म्हणून काठ जवळ आला की पातं वर उचलायचं आणि खोल पाण्यात गेलं की पुन्हा खाली सोडायचं. पातं एका बोल्टावर फिरतं, ते ओढायला दोऱ्या होत्या, पण त्या उन्हानं कुजून कधीच तुटल्या होत्या.

पहिल्यांदा सासुरवाडीच्या काठाला लागलो तेव्हा मी मागे वाकून हातानंच पातं उचलायला गेलो आणि डोक्यावर चिखलात पडलो. काठावर सासरे होते, मेव्हणा होता, निम्मं गाव होतं. एकजणही हसला नाही. मेव्हण्यानं तोंड फिरवून लांबच्या चिंचेकडे बघितलं. सासरे म्हणाले, "हितली जमीनच निसरडी हाय." आता जमिनीचा काय दोष? हसले असते तर बरं झालं असतं. मी चिखलासकट खाटेवर बसलो आणि चहा आला.

घरी येऊन मी दोरीच्या मागे लागलो. पहिल्यांदा एकच दोरी लावली, पातं वर ओढायची. खाली ते आपल्या वजनानं जाईल, असा हिशेब. पातं लाकडाचं, लाकूड पाण्यावर तरंगतं हे शाळेत शिकलो होतो, पण साठाव्या वर्षी ते आठवायला हवं ना. भर पाण्यात पातं मागे सशाच्या शेपटीसारखं वर आलं आणि होडी वाट्टेल तिकडे जाऊ लागली. मग मोबाईलवर बघून बघून दुसरी दोरी लावली. पात्याच्या मागच्या कडेला एक, ती वर ओढते. पुढच्या कडेला बोल्टाच्या वर दुसरी, ती पातं खाली खेचून धरते. दोन्ही दोऱ्या सुकाणूच्या दांड्यावरून माझ्या हाताशी आणल्या, दोन खुंट्या ठोकल्या. अंगणात होडी विटांवर ठेवून मी दोऱ्या ओढायचो आणि बायको मागे पाटावर बसून सांगायची, "आलं वर. गेलं खाली. भाजी करपतेय, मी चालले." खालची दोरी सुटू नये म्हणून ती मी घट्ट निरगाठीनं बांधली, वर आणखी एक वेढा मारला. स्वतःवर फार खूश होतो.

दुसऱ्या खेपेला निघण्याआधी सासरे तालुक्याच्या कामाला आले होते, घरी थांबले. मी त्यांना होडी दाखवली. ऐंशी ओलांडलेला माणूस, पण खाली बसले, दोन्ही दोऱ्या बोटांत धरून पाहिल्या, पातं वर-खाली केलं. निरगाठीवर त्यांचा अंगठा जरा जास्तच वेळ राहिला. मग उठले आणि म्हणाले, "लई झ्याक केलंय जावईबापू." मी चार दिवस हवेत होतो.

पाचव्या दिवशी पलीकडचा काठ गाठताना पातं पाण्याखालच्या बांधावर आदळलं. गाठ सुटेना, ओलं झाल्यावर निरगाठ आणखीच आवळते. पात्याला मागे सरकायला वाव नाही, मग सगळा दणका सुकाणू होडीला धरून ठेवणाऱ्या लोखंडी पट्टीनं घेतला. ती स्क्रूंसकट उखडली आणि होडीच्या मागे वीतभर भगदाड पडलं. सासरे काठावर उभे होते. या वेळी त्यांना जमिनीचाही दोष काढता आला नाही.

पट्टी जोडायला कापूरहोळला नेली. वेल्डिंगवाला ती हातात घेऊन म्हणाला, "ट्रॅक्टरची हाय का?" परत येताना एसटीत बायकोनं तिकिटाचे सुटे पैसे मोजून पर्समध्ये टाकले. मग म्हणाली, "रागावणार नसाल तर सांगते. दादांना ते आधीच दिसलं होतं. अंगणात गाठ बघितली तेव्हाच. मला मागच्या दारी म्हणाले, ही गाठ घात करणार, पन जावयाला कसं सांगायचं?"

मी रागावलो. एवढा रागावलो की आमचा थांबा निघून गेला आणि आम्ही पुढच्या थांब्यावरून चालत आलो. एकतीस वर्षांचा मान! होडी फुटली तरी चालेल, पण जावयाची चूक दाखवायची नाही. मेव्हण्यानं ती गाठ मारली असती तर त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार झाला असता आणि होडी शाबूत राहिली असती. राग ओसरला तेव्हा जे उरलं ते साधं दुःख होतं. त्या माणसाच्या लेखी मी अजून पाहुणाच होतो.

होडीचं भगदाड बुजवून झाल्यावर मी स्वतः त्यांच्याकडे गेलो, रस्त्यानं. म्हटलं, "दादा, मला गाठ शिकवा." ते म्हणाले, "आमी अडानी मानसं, तुमास्नी काय शिकवनार." मी हटून बसलो. म्हटलं, शिकवल्याशिवाय जेवणार नाही. जावई जेवणार नाही म्हटल्यावर घरात धावपळ झाली. शेवटी त्यांनी दोरी मागवली.

"मोट बगितली का कदी?" त्यांनी विचारलं. मोटेला दोन दोर. जाड नाडा विहिरीतून मोट वर ओढतो, बारीक सोंदूर तिची सोंड आवरून धरतो. दोघांनी एकमेकांच्या कलानं चालायचं, एकानं अडून बसलं की पाणी बैलांच्या धावेवरच सांडतं. "तुमचंबी तसंच हाय. एक वडायची तर दुसरी सोडाय पायजे. अन् जी सोडायची ती सुरगाठीनं बांदायची. एक हिसका दिला की मोकळी." त्यांची बोटं वाकडी झालेली, पण सुरगाठ एका दमात पडली. मला ती पडायला दुपार गेली. दादा तोंडानं "झ्याक, झ्याक" म्हणत होते आणि प्रत्येक वेळी माझी गाठ सोडून पुन्हा बांधत होते.

पुढच्या रविवारी त्यांना होडीतून फिरवून आणायचं ठरलं, म्हणजे मीच ठरवलं. आदल्या दिवशी बायको माहेरी गेली होती. सदऱ्यावर केशरी जॅकेट, डोक्यावर टोपी, असे ते माझ्यासमोर बसले. आम्ही पाण्यात मोठा फेरा मारला. वारा छान होता, ते एका हातानं पाणी कापत बसले होते. काठ जवळ आला, मी शीड उतरवलं. होडीला अजून चांगलाच वेग होता आणि समोर पाण्याखाली बांधाची काळी रेघ दिसायला लागली. खालची दोरी सुरगाठीनं बांधली होती. एक हिसका, एवढंच. आणि माझा हात नुसता दोरीवर राहिला. मागचा दणका आठवला की काय कोण जाणे, बोटं हलेनात.

"सोड," दादा म्हणाले. मग एकदम आवाज चढला. "सोड म्हंतो ना, गाढवा! हात हाय का लाकूड? बांद आला पुढ्यात, सोड ती दोरी अन् वरची वड!"

मी सोडली. दुसरी ओढली. पातं सरकन वर आलं, होडी बांधावरून अलगद गेली आणि चिखलात जाऊन टेकली, एक ओरखडासुद्धा नाही.

काठावर बायको आणि मेव्हणा पुतळ्यासारखे उभे होते. मेव्हण्याचं तोंड उघडंच. दादांना आपण काय बोललो ते आता कळलं असावं. ते खाली मान घालून जॅकेटचे बंद सोडत बसले, आणि मग माझी वाट न पाहता घराकडे चालायला लागले. मी सुकाणू खांद्यावर घेऊन मागून गेलो. बायको हळूच म्हणाली, "मनावर घेऊ नका हो." मी तो 'गाढवा' मनात घोळवत सुकाणू दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

अंगणात सवयीनं मी खाटेकडे वळलो. दादा ओट्यावर टेकले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "बसतोस कुठं? आदी त्या बैलाला पानी दाव."

मेव्हणा बादलीकडे धावला. "तुला न्हाई, त्याला सांगितलंय," दादा म्हणाले.

मी हौदातून बादली भरली, निम्मी माझ्या पँटवर सांडली, आणि उरलेली बैलापुढे ठेवली. त्यानं ती एका दमात संपवली आणि माझ्याकडे बघत उभा राहिला. मी वळून विचारलं, "दादा, आणखी एक आणू का?"

"इचारतोस काय?" दादा म्हणाले. "आन की."