वहिनींनी धरलेली केबल

ऊसतोडणी यंत्राच्या केबिनमागे एक काळा प्लग असतो. चालकाने दांडा हलवला की तो इशारा या प्लगच्या पिनांमधून खालच्या पात्यांपर्यंत जातो. त्यातल्या एका पिनेत जरी पाणी शिरलं तरी एवढं अवजड यंत्र रानात गप्प उभं राहतं. असे प्लग बदलणं हे माझं काम. आमच्या घरातला मी पहिला पदवीधर. माझ्या शिक्षणाला जे काही लागलं ते दादा आणि वहिनींच्या कोयत्यातून आलं. हे मी कुणालाही सांगतो, कारण ते खरं आहे.

त्या हंगामात दोघांची टोळी धारूरच्या डोंगरातून खाली तेलगावकडे उतरली होती. वहिनींची कंबर आदल्या वर्षीच दुखावली होती. डोक्यावर मोळी घेऊन ट्रॉलीच्या फळीवर चढताना पाय घसरला, तेव्हापासून वाकल्या की सरळ व्हायला त्यांना आधार लागायचा. उभा ऊस असला तर कसंबसं निभायचं. पडलेला ऊस मात्र दिवसभर वाकून, एकमेकांत गुंतलेला ओढून काढत तोडावा लागतो. म्हणून दादाचा डोळा एका सरळ उभ्या फडावर होता. तो फड यंत्राला दिलेला होता, पण यंत्र सकाळपासून बंद पडलेलं. कोणता फड कुणी तोडायचा हे ठरवणारा कारखान्याचा चिटबॉय सांगून गेला होता, "दुपारपतूर चालू झालं तर मशीन, न्हाई तर टोळी."

आणि दुरुस्तीला नेमकं मला पाठवलं.

मी बांधावर उतरलो तसा टोळीचा मुकादम ओरडला, "या, इंजिनिअर साहेब! भावाच्या पोटावर पाय द्यायला गाडी करून आलात व्हय?"

सगळे हसले. वहिनीही हसल्या. दादा तेवढा कोयत्याला कानस लावत राहिला.

प्लग उघडला तर सगळ्या पिना हिरव्या पडलेल्या. मागच्या बाजूला एक भोक रिकामं होतं. अशा रिकाम्या भोकात रबराचं बूच बसवायचं असतं. तिथं कुणीतरी उसाचं चिपाड चावून, चेपून ठोकलं होतं. चालक रोज संध्याकाळी पंपाने यंत्र धुवायचा. ते चिपाड पाणी पीत राहिलं आणि आतल्या आत पिना खात गेलं.

माझ्या पिशवीत दोन प्लग होते. एक बारीक वायरींचा. दिसायला चपखल बसला असता, पण त्याचं रबर आमच्या जाड वायरीला धरत नाही आणि हादऱ्याने पिना ढिल्या होतात. दुसरा नेमका हवा तो. मी दोन्ही फडक्यावर ठेवले, तेवढ्यात दादा शेजारी येऊन बसला. चालक लांब लिंबाखाली फोनवर बोलत होता.

"पार्ट पुण्याहून यायचा हाय, असं सांग ना बे," दादा हळूच म्हणाला. "एकच दिवस. तेवढ्यात हा फड आमच्याकडं यील. तिच्या कमरेपायी म्हणतो."

दादाने आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. मी त्या दोन प्लगांकडे बघत राहिलो.

वहिनी कधी मागे येऊन उभ्या राहिल्या ते आम्हाला कळलं नाही.

"कावून असं शिकवता त्यान्ला?" त्या दादाला म्हणाल्या. "उद्या कुणी बोट दाखवलं अन् नौकरी गेली, तर काय कोयता घेणार हायत का भावजी? धड मोळी बांधता येत न्हाई त्यान्ला."

दादा उठून निघून गेला.

"वहिनी..." मी म्हणालो.

"काय धरायचं ते सांगा."

मला तिसरा हात हवाच होता. त्यांनी केबल धरली. मी एकेक वायर सोलली, पिन चढवली, पकडीने दाबली आणि ओढून बघितली.

"येवढी ओढता, तुटंल ना!"

"इथंच तुटली तर बरं, वहिनी. रानात तुटायला नको."

"मग ओढा," म्हणत त्यांनी मूठ आणखी घट्ट केली.

प्रत्येक पिन आपापल्या घरात टक्कन बसली. रिकाम्या भोकात मी रबराचं बूच घातलं. दुपार व्हायच्या आत यंत्र सुरू झालं आणि त्या उभ्या उसात शिरलं. टोळीला कालव्याकडचा, पडलेल्या उसाचा ओला फड मिळाला. वहिनी कमरेला जुनी साडी आवळून बांधत होत्या. जाताना म्हणाल्या, "भाकर खाऊन जावा."

मी खाल्ली. दादा माझ्याशी बोलला नाही.

हंगाम संपायच्या आधीच वहिनींना जीपमध्ये आडवं झोपवून गावी आणावं लागलं. आता त्या घरीच असतात. भिंतीला टेकून बसतात, फार वेळ बसवत नाही. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा माणूस अर्धा कोयता. यंदा दादा अर्धा कोयता म्हणून गेला. फोन करतो, पण वहिनींनाच. त्यांचं बोलणं होईपर्यंत मी शेजारी ऐकत उभा असतो, आणि मग तो फोन ठेवून देतो.

संध्याकाळी मी कामावरून आलो की वहिनी विचारतात, "आज मशीन चालू केली का?"

"केली."

"यांच्या टोळीजवळ तर नव्हती?"

"न्हाई वहिनी, लई लांब होती," मी सांगतो. बहुतेक वेळा ते खरंही असतं.