त्याचं नाव ‘युनिवर्सल’ कसं पडलं

ही गोष्ट मी बावीस वर्षं टाळली. बायकोला सांगितली नाही, मुलांना सांगितली नाही, आणि जिचा त्यात जीव गेला तिच्या नवऱ्यालाही सांगितली नाही. मधल्या काळात गावानं ती आपल्या परीनं सांगून टाकली. गावाची गोष्ट चुकीची आहे हे ठाऊक असलेली माणसं दोनच होती.

मी आमगावजवळच्या एका शाळेत गणित आणि विज्ञान शिकवत असे. ज्याच्याबद्दल लिहितो आहे तो त्याच शाळेत शिपाई होता, आणि त्याआधी माझाच विद्यार्थी. त्याचं खरं नाव लिहीत नाही. गावानं ठेवलेलं नाव मात्र लिहावंच लागेल, कारण ते माझ्यामुळे पडलं. गाव त्याला युनिवर्सल म्हणायचं.

मला शब्दांच्या मुळांचा नाद होता. गोंदियाच्या रद्दीवाल्याकडून घेतलेला एक जाडजूड इंग्रजी कोश माझ्या टेबलावर असे. रक्तगटांचा धडा आला की मी फळ्यावर ‘सार्वत्रिक दाता’ लिहायचो, शेजारी ‘युनिव्हर्सल डोनर’, आणि खाली त्या शब्दाचं लॅटिन मूळ. युनुस म्हणजे एक, वर्सुस म्हणजे वळलेलं. सगळं मिळून एकाकडे वळलेलं, ते युनिव्हर्सल. मग ठसक्यात सांगायचो, ओ गटाचा माणूस सगळ्यांना रक्त देऊ शकतो. वीस वर्षं हेच सांगितलं. त्याच्या तुकडीलाही सांगितलं. अधिक-उण्याची, म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हची, भानगड पुस्तकात पुढच्या पानावर बारीक अक्षरात होती. परीक्षेत त्यावर प्रश्न येत नसे, म्हणून मी तिथे थांबत नसे.

त्या दिवशी मधली सुट्टी नुकतीच संपली होती. आमच्या हिंदीच्या सरांची बायको दुसऱ्या बाळंतपणासाठी गोंदियाच्या एका दवाखान्यात होती. शाळेत तेव्हा एकच फोन, तो मी उचलला. डॉक्टर बोलत होते. मूल झालं होतं, पण वहिनींचा रक्तस्राव थांबत नव्हता. रक्त हवं होतं. ते म्हणाले, “ए निगेटिव्ह. ते नसेल तर ओ निगेटिव्ह.” लाइनमध्ये खरखर होती, पण मला नीट ऐकू आलं. हे मला इथे स्पष्ट लिहायचं आहे. मला नीट ऐकू आलं होतं.

ऑफिसच्या भिंतीवर गावातल्या लोकांच्या रक्तगटांची यादी होती. आदल्या वर्षीच्या शिबिरात मीच ती करून घेतली होती. मी चिठ्ठी लिहिली, ‘ए निगेटिव्ह किंवा ओ’, आणि खाली सही केली. ओच्या पुढे काही लिहिलं नाही. डॉक्टर सवयीनं बोलतात, ‘ओ’ला कशाला लागतंय चिन्ह, असं मनात आलं आणि गेलं. तेवढाच वेळ मी त्यावर विचार केला.

शिपाई चिठ्ठी घेऊन यादीसमोर उभा राहिला. ए निगेटिव्ह गावात कुणीच नव्हतं. ‘ओ’वर बोट ठेवून त्यानं विचारलं, “सर, याच्यात कोनाले अधिक हाये, कोनाले वजा हाये. कोनते आनू?”

“ओ म्हणजे ओ,” मी म्हणालो. “सगळ्यांना चालतं. शिकवलं होतं ना तुला? पळ लवकर.”

तो पळाला. वीस मिनिटांत त्यानं जीप मिळवली आणि चार माणसं गोळा केली. एक शेतातून चिखलाच्या पायांनी आला, एक जेवता जेवता उठला. बसस्टँडजवळचा पानठेलेवाला ठेला बंद करून आला आणि म्हणाला, “मीबी ओ हाव. मी येऊन राहिलो.” जीपमध्ये जागा नव्हती. शिपाई त्याला म्हणाला, “चार झाले, भाऊ. तू राहू दे आता. लागलं तं बोलावतो.” यादीत उण्याचं चिन्ह असलेला ओ तो एकटाच होता.

मीही त्याच जीपमध्ये होतो. वाट पाऊण तासाची होती. जेवणावरून उठलेला म्हणाला, “माह्यावाला रक्त थोडा तिखट राहील, सर. ठेचा खाल्लो आताच.” सगळे हसले. मीही हसलो.

रक्तपेढीच्या खिडकीवर चौघांचं रक्त तपासलं आणि आतल्या माणसानं मान हलवली. चौघेही पॉझिटिव्ह. चालणार नाही. शिपाई खिडकीशी भांडायला लागला. “ओ सगळ्यायले चालते जी. युनिवर्सल हाये ते. आमाले सरनं शिकवलं हाये.” आतला माणूस वैतागून म्हणाला, “भाई, पेशंट निगेटिव्ह है. किसने भेजा तुमको?” मी तीन पावलं मागे उभा होतो. मी पुढे गेलो नाही.

पानठेलेवाल्याला मोटारसायकलवरून आणायला माणूस गेला. दुसऱ्या रक्तपेढीतही विचारणा झाली. तो आला, सुई लागली, पिशवी भरली. ती दवाखान्यात पोचली तेव्हा दिवस मावळत होता आणि वहिनी गेल्या होत्या. मूल वाचलं. डॉक्टर नंतर म्हणाले की रक्तस्रावच इतका होता, वेळेवर मिळालं असतं तरी सांगता आलं नसतं. त्या वाक्याला मी कितीतरी वर्षं धरून राहिलो. पण सांगता आलं नसतं म्हणजे वाचल्या नसत्या असं नव्हे. मी गणिताचा मास्तर आहे, मला तो फरक कळतो.

दवाखान्याच्या व्हरांड्यात वहिनींच्या भावानं शिपायाची कॉलर धरली. “कोण म्हणालं तुला असले लोक आणायला? दोन तास गेले. दोन तास.” आजूबाजूचे सगळे त्याच्याकडे वळले. शिपायानं माझ्याकडे पाहिलं.  भावानंही मग माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, “सर, फोन तुम्हीच घेतला होता ना?”

मी म्हणालो, “हो. मी निगेटिव्ह सांगितलं होतं.”

चिठ्ठी शिपायाच्या खिशात होती. माझ्या अक्षरात, माझ्या सहीची. त्यानं खिशाला हातसुद्धा लावला नाही. मी पवार समाजातल्या शेतीवाल्या घरातला, त्यात सर. तो बौद्ध मोहल्ल्यातला, त्यात टेंपररी शिपाई. आमच्यातलं कुणाचं खरं धरायचं हा प्रश्न तिथे कुणालाच पडला नाही. पडणार नाही हे मला बोलताना माहीत होतं.

त्याचं खिडकीवरचं भांडण जीपमधल्या माणसांनी गावात सांगितलं, आणि आठ दिवसांत त्याचं नाव पडलं. चहाच्या टपरीवर कुणी म्हणायचं, “ए युनिवर्सल, सगळ्यायले चालते का रे चाय?” आधी त्यात राग होता, मग नुसती थट्टा उरली. मग थट्टाही राहिली नाही, फक्त नाव राहिलं. त्याच्या मुली शाळेत आल्या तेव्हा हजेरीला पोरं मागून कुजबुजायची, ‘युनिवर्सलची पोरगी.’

त्याला कायम करण्याचा कागद तेव्हा संस्थेकडे जायचा होता. हेडमास्तरांनी मला बोलावून विचारलं, “याच्यावर जबाबदारी टाकता येईल, असं वाटतं का तुम्हाला?” मी म्हणालो, “तुम्ही ठरवा.” कागद गेला नाही. पुढच्या जूनला शाळा उघडली, पण तो आलाच नाही.

त्यानंतर तो शब्द माझ्या मागे लागला. संचाच्या प्रकरणात विश्वसंच, म्हणजे युनिव्हर्सल सेट, शिकवायची वेळ आली की वर्ग खुसखुसायचा. नागरिकशास्त्रात सार्वत्रिक मताधिकार. गोंदियाच्या बाजारात टीव्हीचा रिमोट घ्यायला गेलो तर दुकानदार म्हणाला, “अंकल, ये युनिवर्सल है, सब में चलेगा.” मी विचारलं, “सब में?” तो म्हणाला, “मतलब, कोड मिलना चाहिए.”  जिथे तिथे तेच होतं. विश्वसंच म्हणजे सगळं विश्व नव्हे, त्या उदाहरणापुरतं आपण मान्य केलेलं तेवढंच. मताधिकार सगळ्यांना, पण वय भरलेल्यांना. हा शब्द जिथे जिथे जातो तिथे त्याच्या पोटात एक अट असते, बारीक अक्षरातली. मी ती वाचायची सोडली होती. आणि दंड भरला तो ज्यानं वाचून मला विचारलं होतं त्यानं.

तो आमगाव रोडवरच्या एका ट्रॅक्टर गॅरेजात कामाला लागला. पुढे ते गॅरेज त्यानंच चालवायला घेतलं. मी तीनदा गेलो. पहिल्यांदा गिऱ्हाइकं होती. दुसऱ्यांदा तो एकटा होता, ट्रॅक्टरच्या मागच्या दांड्याचा जोड खोलून बसला होता. मला पाहून त्यानं गोणपाट झटकून अंथरलं.

“बसा जी सर. पायाचं दुखनं कसं हाये?”

“ठीक. हे काय करतो आहेस?”

“युनिवर्सल जाइंट.” तो हसला. “आता तं धंदाच हाये माह्यावाला.” जोड हातात घेऊन त्यानं वाकवून दाखवला. “कसाबी वाकते म्हनतेत लोकं. पन एका हद्दीपरेंतच. त्याच्यापुढं नेलं का आतला क्रॉस तुटते.”

मी विचारलं, “त्या दिवशी चिठ्ठी काऊन नाही दाखवली?” मी त्याच्याशी कधी त्याच्या बोलीत बोलत नसे. त्या दिवशी तसं तोंडातून निघालं.

तो कापडानं ग्रीस पुसायला लागला. “दाखवून का होनार होतं जी? बाई तं गेल्या होत्या.” मग म्हणाला, “मले वाटलं, तुमी सांगान. मी वाट पाहून राहिलो होतो. दोनेक महिने पाहिली.”

“मग?”

“मंग जून आला.”

तेव्हा मी माफी मागायला हवी होती. तोंड उघडलंही. तेवढ्यात रस्त्यावरून कुणी ओरडलं, “ओ युनिवर्सल, माह्या गाडीचा झाला का?” आणि तो ‘आलो’ म्हणून उठला. त्या नावाला इतक्या सहज ओ देऊन उठला की मी माफी न मागताच परतलो. तिसऱ्यांदा गेलो तेव्हा गॅरेज बंद होतं. शेजारच्यानं सांगितलं, छातीत दुखलं म्हणून गोंदियाला नेलं आहे. चार दिवसांनी तो गेला. वय माझ्यापेक्षा अठरा वर्षांनी कमी.

मोहल्ल्यातल्या विहारात आदरांजलीचा कार्यक्रम होता. मी ठरवून गेलो. पुढच्या सतरंजीवर त्याची बायको आणि दोघी मुली बसल्या होत्या. हिंदीचे सरही आले होते. काठी टेकत, त्या दिवशी वाचलेल्या त्याच मुलाच्या आधारानं, जो आता बावीस वर्षांचा आहे. सर माझ्या शेजारी खुर्चीवर बसले आणि हळू आवाजात म्हणाले, “माझ्या मनात त्याच्याबद्दल काही राहिलं नाही. अजाण होता बिचारा. चूक कुणाच्याही हातून होते. म्हणून आलो.”

  दोन माणसं बोलली. एकानं सांगितलं की आमचा युनिवर्सल दिवाळीलाही गॅरेज उघडं ठेवायचा, कुणाची मळणी अडू द्यायचा नाही. लोकांनी माना डोलावल्या. मग माइकवाला म्हणाला, “त्याईचे शिक्षक आले हायेत. सर, दोन शब्द बोला जी.”

मी उठलो. माइक हातात घेतला. थोरलीनं वर पाहिलं, पदरानं डोळे पुसले आणि नीट ऐकायला सरसावून बसली. हिंदीचे सर काठीवर हनुवटी टेकून बघत होते. मला एक वाक्य बोलायचं होतं. मी म्हणालो, “तो माझा विद्यार्थी होता. फार आज्ञाधारक होता.” आणि बसलो. कुणीतरी माझ्या हातात पाण्याचा ग्लास दिला. थोरली नंतर पाया पडायला आली, मी तिलाही काही सांगितलं नाही.

त्या माइकवर मला जे बोलायचं होतं ते असं. चिठ्ठीवर मी नुसतं ओ लिहिलं होतं. यानं मला अधिक की वजा हे विचारलं होतं, आणि मी त्याला गप्प केलं. निगेटिव्ह मी सांगितलंच नव्हतं. व्हरांड्यात मी खोटं बोललो, आणि हा माझ्यासाठी गप्प बसला. सर, तुमच्या घरच्या दुःखातली चूक माझी होती, याची नव्हे. पोरींनो, तुमच्या बापाची चूक नव्हती. मला माफ कर, बाबा.