उतारावरची गाडी

अमेरिकेतल्या मेन राज्यात, आमच्या किनाऱ्यावर, खाडीच्या तोंडाशी, नावा पाण्यात सोडायला गावाचा सिमेंटचा उतार आहे. फुकटचा, सगळ्यांचा. शेवंडं धरणारे आम्ही तिथूनच जातो आणि उन्हाळ्यात शहरातून रंगीबेरंगी कयाक घेऊन येणारेही तिथूनच. गाडी-ट्रेलर खालच्या मोकळ्या जागेत लावायचा अन् किल्ली गाडीतच सोडायची. पौर्णिमेच्या उधाणाला त्या जागेत पाणी शिरतं, मग जो कोणी हजर असेल तो गाडी वर नेतो. आभारबिभार कुणी मानत नाही.

दुसरी रीत कुणाला शिकवावी लागत नाही. संध्याकाळी घरी जाताना खाली नजर टाकायची. गाडी उभी दिसली, तर माणूस अजून बाहेर आहे.

या दोन रीतींच्या मधे आमच्यातला म्हातारा विनल सापडला.

गेल्या ऑक्टोबरात उधाण चढलं तेव्हा आमच्यातल्याच एल्डनची हिरवी पिकअप खाली उभी होती. वर जागा नव्हती, म्हणून विनलनं ती थेट एल्डनच्या दारात नेऊन लावली आणि शीळ घालत घरी गेला. अंधारताना आम्ही उताराकडं पाहिलं. रिकामा. म्हटलं, पोचला एल्डन. त्याची बायको आर्डिथ तेव्हा बहिणीकडं गेलेली. सकाळी बेटापाशी नाव उलटी सापडली. एल्डन दोराला धरूनच होता, पण गारठून केव्हाच गेलेला.

विनलला कुणी बोल लावला नाही. लावायला हवा होता. तो रोज येऊन उताराच्या खांबापाशी बसायला लागला, शेवटची गाडी जाईपर्यंत.

"काय रे म्हाताऱ्या, पगार किती मिळतो?" कुणी टोकलं, तर म्हणायचा, "तुझ्या तोंडाकडं बघायचा वेगळा घेतो." पण गाडीला मात्र हात लावीना.

वसंतात आर्डिथ एल्डनचे शेवंडांचे सापळे ओढायला त्याचीच पिकअप घेऊन येऊ लागली. एका पौर्णिमेला ती बाहेर असताना पाणी चढलं.

"विनल, गाडी घे की वर!" मी ओरडलो.

"आर्डिथ अजून बाहेर आहे, समुद्रात."

"म्हणून तर. बुडेल ना गाडी!"

"बुडू दे. दिसू तर दे."

मी पुढं झालो, तर सत्तरीचा माणूस गुडघाभर पाण्यात दाराला पाठ लावून उभा. "हात लावलास तर याद राख!"

पाणी इंजिनात गेलं. सीटवर आलं. विनल छातीपर्यंत भिजून कुडकुडत होता, तेव्हा आर्डिथची नाव आली. तिनं गाडी पाहिली, मग त्याला.

"हे काय केलंस रे?"

"तू यायची होतीस."

"त्याचा कोट होता सीटवर," ती म्हणाली. "धुतला नव्हता मी."

तिनंच त्याला दंडाला धरून वर आणला.

गाडी भंगारात गेली. दुसऱ्या दिवशी आर्डिथ चालत आली, हातात हातोडा आणि एल्डनच्या सापळ्याच्या दोराला तरंगणारा बोया, नारिंगी-पांढरा, त्याच्या रंगांचा; आमच्यात प्रत्येकाचे रंग वेगळे. खांबाला खिळे ठोकून पहिल्या खिळ्यावर तिनं तो टांगला.

"गाडी हलवली की गाडीतला ज्याचा त्याचा बोया इथं टांगायचा. मालक आला की तो उतरवेल."

विनल खांबाकडं बघत राहिला. "हे मला तेव्हा सुचलं असतं, तर तो वाचला असता का, आर्डिथ?"

"हो," ती म्हणाली.

नाही म्हणाली असती, तर काय बिघडलं असतं, असं मला वाटून गेलं. पण आर्डिथ खोटं बोलणारी बाई नव्हे.

आता उधाणाला खांबावर बोये चढतात, संध्याकाळपर्यंत उतरतात. विनल अजून बसतो. शेवटची गाडी जाते, तो उठतो, खांबाकडं बघतो. एक नारिंगी-पांढरा बोया उरलेलाच असतो. मग तो पुन्हा खाली बसतो.