किती जणांचं काम?

गावात कोणी गेलं की तिरडीच्या पुढच्या उजव्या खांद्याला बुधाआप्पा असायचेच. वाहून वाहून त्यांच्या खांद्यावर बैलाच्या मानेसारखा घट्टा पडला होता. त्यातून एक खोड जडली. जिवंत माणूस समोर आला की आप्पा आधी त्याला नजरेनं तोलत. खाटेवरच्या आजाऱ्यालाही तोंडावर सांगत, "हाई चार जनसनं काम." आणि स्वतःच्या बायकोला, सखूआक्काला, "हाई दोन जनसनं. वारा सुटना ते एकनंच."

मी तेव्हा नवी नवरी. गालांवर साय धरलेली, स्वतःला मोठी देखणी समजणारी. शेजारचे वडीलधारे म्हणून पाया पडले, तर आशीर्वादाऐवजी म्हणाले, "वहू, तुले सहा जन लागतीन. आनि विसावाले बदली भी." ओटा खदखदला. त्या दिवसापासून मी बावळट अर्ध्या भाकरीवर आले. चुलीमागे गूळ-शेंगा चालायच्या, ते वेगळं. महिन्यानं आप्पांनी पुन्हा पाहिलं. "आते चार. पन चौथा जोरदार पाह्यजे."

पुढे गावाला शववाहिनी मिळाली आणि पोरांचे खांदे सुटले. आप्पा पेटले. "मानूस शे का ऊस? भरा नि कारखानाले लई जा!"

त्यांना लकवा झाला तेव्हा मी पेज घेऊन गेले. उरलेल्या अर्ध्या तोंडानं म्हणाले, "वहू, माले गाडीमा टाकू देऊ नको. मी आते दोननाच शे, पन खांदा चार दखजो."

मी म्हातारी झाले, जीभ नाही झाली. "आप्पा, तुमनी जिभना मारेल लोके खांदा देवाले कसा येतीन?"

तोंडाची चांगली बाजू हसली. डोळे नाही.

आप्पा गेले. मी घरोघर सांगून पाहिलं, पण कोणाची कंबर धरली होती, कोणाचा मणका सरकला होता. शेवटी गाडीच आली. आम्ही बायका वेशीपर्यंत मागून चाललो. वेशीपाशी काळ्या चिखलात चाकं रुतली. ड्रायव्हर ओरडला, "खांदा लावा रे!"

कंबरवाले, मणकेवाले सगळे चिखलात उतरले. खांदे भिडवले. चाकं फिरली, चिखल थेट तोंडांवर उडाला आणि गाडी होती तिथंच.

"आप्पा ते ईस जनसना निंघना!" कोणीतरी ओरडलं. अंत्ययात्रा पोट धरून हसली. सगळ्यात मोठ्यानं मी.

सखूआक्कानं पदर तोंडावरून काढला.

"हासू नका रे," ती म्हणाली, "डोकरा मोजी ऱ्हायना."